भेंडीच्या हळद्यात एन्झाइम मोजताना: पेरणीपासून निष्कर्षाच्या वाक्यापर्यंत

प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यांतलं एक वाक्य मी इतक्यांदा खोडलंय की लाल पेन आता आपोआप तिथे जातं: ‘विषाणूच्या लागणीनंतर पेरॉक्सिडेजची सक्रियता वाढली, म्हणून हे एन्झाइम रोगप्रतिकारास कारणीभूत आहे.’ वाक्याचा पहिला अर्धा भाग बहुतेक वेळा खरा असतो. दुसरा त्यातून निघत नाही. रोगाला सपशेल बळी पडलेल्या झाडातही पेरॉक्सिडेज वाढतंच. ताप आलाय म्हणजे शरीर जिंकतंय असं कुणी म्हणत नाही, तसंच हे.

चूक लिहिताना झालेली नसते. ती पेरणीच्या दिवशीच झालेली असते, कारण तुलनेला लागणारी झाडंच लावलेली नसतात. म्हणून क्रम पहिल्यापासून सांगतो. उदाहरण भेंडीच्या पिवळ्या शिरा मोझॅकचं, म्हणजे हळद्याचं. काही भागांत यालाच केवडा म्हणतात. एन्झाइमं तीन: पेरॉक्सिडेज, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज आणि फेनिलअॅलॅनिन अमोनिया लायेज, म्हणजेच पीएएल. पुस्तकात ‘विकर’ म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे एन्झाइम म्हणतात, मीही तेच म्हणतो.

## १. पेरणीआधी: तुलना कुणाशी, ते कागदावर लिहा

‘निरोगी’ आणि ‘रोगट’ असे दोनच गट घेतले तर हाती फक्त रोगाचा परिणाम येतो. प्रतिकाराबद्दल बोलायचं असेल तर निदान दोन वाण हवेत, एक बळी पडणारा आणि एक तग धरणारा, आणि प्रत्येक वाणात तीन गट:

- ज्याला पांढरी माशी लागलीच नाही
- ज्यावर विषाणूविरहित पांढरी माशी सोडली
- ज्यावर विषाणू घेतलेली पांढरी माशी सोडली

मधला गट जवळजवळ सगळे वगळतात. पांढरी माशी सोंड खुपसून रस शोषते तेव्हा विषाणू नसतानाही झाड जागं होतं आणि पेरॉक्सिडेज हलतं. तो गट नसेल तर तुम्ही माशीचा परिणाम मोजून विषाणूच्या नावावर खपवता.

बळी पडणारा वाण म्हणून पुसा सावनी सहज मिळतो. प्रतिकारक म्हणून परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घेतात. पण पुसा सावनी बाजारात आली होती ती रोगप्रतिकारक म्हणूनच, आणि परभणी क्रांतीवरही आता ठिकठिकाणी पिवळ्या शिरा दिसतात. पाकिटावर काय छापलंय त्यावर जाऊ नका. तुमच्या भागातल्या विषाणूपुढे वाण टिकतो का, हे आधी पंधरा-वीस झाडांवर बघून घ्या.

> तपासा: २ वाण × ३ गट × नमुन्याचे दिवस × प्रत्येकी निदान ४ झाडं, असा गुणाकार करा. ज्या झाडाचं पान तोडलं ते पुढच्या वेळी पुन्हा वापरायचं नाही, कारण जखमेनेही पीएएल वाढतं. आकडा आवाक्याबाहेर जात असेल तर दिवस कमी करा, गट नव्हे.

## २. लागण: रस चोळून हळद्या होत नाही

तंबाखूच्या मोझॅक विषाणूची पद्धत वाचून आलेली मुलं कार्बोरंडमची पूड भुरभुरवून रोगट पानांचा रस भेंडीवर चोळतात आणि तीन आठवडे वाट बघतात. काही होत नाही. भेंडीचा हा बेगोमोव्हायरस पांढऱ्या माशीने पसरतो किंवा कलमाने. रस चोळून जात नाही.

१. माशांची वसाहत वांग्यावर वाढवा. वांग्यावर भेंडीचा हा विषाणू टिकत नाही, त्यामुळे पुढच्या पिढ्या स्वच्छ मिळतात. जाळी ५० मेश किंवा त्याहून बारीक हवी. साध्या मच्छरदाणीतून पांढरी माशी निवांत बाहेर पडते.

२. प्रौढ माश्या २४ तास हळद्या झालेल्या भेंडीवर ठेवा. विषाणूविरहित गटासाठीच्या माश्याही तेवढाच वेळ निरोगी भेंडीवर ठेवायच्या, नाहीतर दोन्ही गटांतल्या माश्यांचं खाणं वेगळं होतं.

३. तीन-चार खरी पानं उघडलेल्या रोपावर, पिंजऱ्यात, दर रोपाला १० ते १५ माश्या मोजून २४ तास सोडा. माश्या तोंडाने ओढायच्या नळीने उचला आणि पानाच्या खालच्या बाजूने हळू घ्या. ओरबाडून घेतल्या तर सोंड तुटते.

४. मग माश्या मारा.

चौथ्या पायरीत एक खाच आहे. माश्या मारायला इमिडाक्लोप्रिड फवारतात, पण ही निओनिकोटिनॉइड औषधं स्वतःच झाडाची सॅलिसिलिक आम्लाच्या वाटेवरची प्रतिकारयंत्रणा चाळवू शकतात. तेव्हा फवारणी सगळ्या गटांवर करा, ज्यांच्यावर माशी कधी बसलीच नाही त्यांच्यावरसुद्धा. त्याच दिवशी, त्याच प्रमाणात.

पिंजऱ्यात माशी कोंडण्याचा आणखी एक फायदा. काही वाण शेतात निरोगी दिसतात, कारण माशी तिथे बसतच नाही. त्याला विषाणूविरुद्धचा प्रतिकार म्हणता येत नाही. अशा झाडात एन्झाइम मोजून काहीच कळणार नाही, कारण विषाणू आत गेलेलाच नसतो.

> तपासा: लक्षणं दिसोत वा न दिसोत, प्रत्येक झाडाचा पीसीआर, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, करा. प्रतिकारक वाणात ‘लक्षण नाही’ याचे अर्थ दोन: विषाणू आत आहे पण दबलाय, किंवा लागणच झाली नाही. दुसऱ्या प्रकारची झाडं सरासरीत मिसळली की निकाल पाणचट होतो.

## ३. नमुना: कोणतं पान, किती वाजता, किती वेळात

लागणीनंतर ०, १, ३, ७, १४ आणि २१ दिवस असा साचा बरा पडतो. पिवळ्या शिरा दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे पहिले चार नमुने लक्षणांच्या आधीचे असतात. तेच सगळ्यात मोलाचे. लक्षणं दिसल्यावर घेतलेला नमुना बहुतांशी आजाराची नोंद असतो.

पान नेहमी एकाच क्रमांकाचं, उदाहरणार्थ शेंड्याकडून तिसरं पूर्ण उघडलेलं. पान म्हातारं होताना पेरॉक्सिडेज आपोआप चढतं. रोगट झाड खुरटतं, त्याचं ‘तिसरं पान’ निरोगी झाडाच्या तिसऱ्या पानापेक्षा वयाने मोठं असू शकतं. म्हणून पान उघडल्याच्या तारखेला देठाला रंगीत दोरा बांधा. काम वाढतं, पण एक मोठी शंका मिटते.

वेळ एकच, सकाळी आठ ते नऊ. पीएएल उजेडाने बदलतं. एक गट सकाळी आणि दुसरा जेवणानंतर तोडला तर तो फरक विषाणूचा नसतो.

पान तोडल्यावर द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडेपर्यंत एक मिनिटाच्या वर जाऊ देऊ नका. नायट्रोजन नसेल तर निदान बर्फात, फॉइलमध्ये, आणि तासाभरात वाटून. पिशवीत घालून बसने आणलेली पानं जखमेचा प्रतिसाद दाखवतात. गोठवलेले नमुने उणे ८० अंशांवर ठेवा. साध्या फ्रीजरमध्ये आठवडे काढू नका.

अजून एक गोष्ट, जी पद्धतीच्या वह्यांत क्वचित सापडते. हा विषाणू प्रामुख्याने शिरांच्या फ्लोएममध्ये, म्हणजे अन्न वाहून नेणाऱ्या ऊतीत, राहतो. अख्खं पान वाटलं की शिरांमधला बदल बाकीच्या हिरव्या भागात विरघळतो. मुख्य शिरा ब्लेडने वेगळ्या काढून त्या आणि पातं असे दोन नमुने केले तर चित्र पुष्कळ स्पष्ट होतं. ते जमत नसेल तर निदान प्रत्येक नमुन्यात शिरांचं प्रमाण सारखं ठेवा.

## ४. अर्क काढणं: भेंडीचा चिकटपणा

इथे बरेच दिवस वाया जातात. भेंडीचं पान वाटलं की खलात गोळा होतो, बत्ता उचलला की तार लागते, गाळणीतून थेंब खाली पडत नाही आणि पिपेटमध्ये दर वेळी वेगळंच माप येतं. वालाच्या किंवा टोमॅटोच्या पानासाठी लिहिलेली पद्धत इथे तशीच चालत नाही.

१. पेरॉक्सिडेज आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेजसाठी बफर: ०.१ मोलर फॉस्फेट, पीएच ७.०. त्यात २ टक्के पीव्हीपीपी (पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोन) आदल्या रात्री भिजत घाला. अविद्राव्य पीव्हीपीपीच घ्या. ते फिनॉल धरून खाली बसतं. बफर ४ अंश सेल्सिअसला असताना त्याचा पीएच जुळवा, कारण तो तिथेच वापरायचा आहे.

२. १ ग्रॅम पान द्रवरूप नायट्रोजनमध्ये पिठासारखं बारीक करा. पीठ ओलसर होण्याआधी ५ मिली थंड बफर. दोन मिलीत भागवू नका, तार सुटत नाही.

३. गाळणीच्या नादी न लागता थेट सेंट्रिफ्यूज: १२,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १२,००० पट जोर), ४ अंश, २० मिनिटं. वरचा द्रव नव्या नळीत घेऊन पुन्हा १० मिनिटं.

४. स्वच्छ द्रव ०.५ मिलीच्या छोट्या नळ्यांत वाटून बर्फात ठेवा. त्याच दिवशी मोजा. एकदा गोठवून वितळवलेला अर्क पुन्हा गोठवायचा नाही.

> इशारा: १२,००० जी म्हणजे १२,००० आरपीएम नव्हे. जी = ०.००००१११८ × रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर १०,००० आरपीएम म्हणजे सुमारे ८,९०० जी. तुमच्या रोटरची त्रिज्या बघा आणि प्रबंधात जी लिहा.

पीएएलसाठी वेगळा अर्क: ०.१ मोलर बोरेट, पीएच ८.८, त्यात मर्कॅप्टोइथेनॉल. नमुना वाचवायला हाच अर्क तिन्ही एन्झाइमांना वापरण्याचा मोह होतो. करू नका. मर्कॅप्टोइथेनॉल पॉलिफिनॉल ऑक्सिडेजला दाबतं आणि पेरॉक्सिडेजच्या रंगातही लुडबुड करतं. मग ‘पॉलिफिनॉल ऑक्सिडेज आढळलं नाही’ असं वाक्य प्रबंधात जातं.

## ५. रीडिंग

### पेरॉक्सिडेज

ग्वायाकॉल २० मिलिमोलर, म्हणजे १०० मिली बफरमध्ये साधारण ०.२२ मिली. हिवाळ्यात बाटलीतलं ग्वायाकॉल गोठलेलं दिसलं तर ते खराब झालेलं नसतं; ते २८ अंशांच्या आसपास वितळतं, बाटली हातात धरून ऊब द्या.

क्युव्हेटमध्ये (स्पेक्ट्रोफोटोमीटरात ठेवायच्या छोट्या चौकोनी नळीत) ग्वायाकॉलयुक्त बफर २.८ मिली, अर्क ०.१ मिली, आणि शेवटी ३०० मिलिमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१ मिली. उलटून मिसळा, ४७० नॅनोमीटरला दर १५ सेकंदांनी दोन मिनिटं शोषण वाचा.

पेरॉक्साइडची बाटली ‘३० टक्के’ म्हणते, पण वर्षभर उघडझाप झालेल्या बाटलीत तेवढं उरत नाही. तपासणं सोपं आहे: १० मिलिमोलर द्रावणाचं २४० नॅनोमीटरला, १ सेंटिमीटर क्युव्हेटमध्ये, शोषण सुमारे ०.४४ यायला हवं. ०.३० आलं तर पातळ करण्याचा हिशोब बदला.

> तपासा: अर्क ०.०५ मिली आणि ०.१ मिली घेऊन दोन रीडिंग करा, बफरने एकूण माप सारखं ठेवून. दुप्पट अर्काला दुप्पट वेग आला पाहिजे. येत नसेल तर अर्क फार जोरकस आहे. दहापट पातळ करा. भेंडीत हे बहुतेक करावंच लागतं. ही एक तपासणी वगळल्याने रोगट आणि निरोगीतला फरक गायब झालेला मी अनेकदा पाहिलाय, कारण दोन्ही रीडिंग वरच्या टोकाला जाऊन चिकटलेली असतात.

### पॉलिफिनॉल ऑक्सिडेज

फॉस्फेट बफर पीएच ६.५, कॅटेकॉल, ४२० नॅनोमीटर. कॅटेकॉलचं द्रावण रोज ताजं. तपकिरी झालं की फेकायचं. पहिल्या मिनिटाचाच वेग घ्या, कारण स्वतःच्या क्रियेतून तयार झालेले क्विनोन या एन्झाइमला बाद करत जातात. हातमोजे घाला, कॅटेकॉल त्वचेतून आत जातं.

### पीएएल

बोरेट बफर ०.५ मिली, त्याच बफरमधलं १२ मिलिमोलर एल-फेनिलअॅलॅनिन ०.५ मिली, अर्क ०.४ मिली, ३० अंशांवर ३० मिनिटं, मग २९० नॅनोमीटर. या क्रियेत बनणाऱ्या ट्रान्स-सिनॅमिक आम्लाचा मोलर शोषणांक ९,६३०.

आमच्याकडे एकदा सबंध आठवडा पीएएलची रीडिंग नुसती नाचत होती. बफर बदलला, अर्क नव्याने काढला, फेनिलअॅलॅनिनची नवी बाटली फोडली. शेवटी कुणीतरी क्युव्हेट उजेडात धरली. क्वार्ट्झची फुटली म्हणून साधी प्लास्टिकची वापरात आली होती, आणि ती २९० नॅनोमीटरचा उजेड स्वतःच गिळत होती. तेव्हापासून रोजचं पहिलं काम: क्युव्हेटमध्ये नुसतं पाणी भरून, हवेशी तुलना करून २९० ला वाचायचं. मोठा आकडा आला की क्युव्हेट बाजूला.

ब्लँक, म्हणजे वजा करायचं तुलनेचं रीडिंग, इथे जास्त जपून करावा लागतो. पानातले फिनॉलही २९० ला शोषतात आणि रोगट पानात ते वाढलेले असतात. फक्त बफरचा ब्लँक घेतला तर फिनॉलची वाढ पीएएलच्या खात्यावर जमा होते. प्रत्येक नमुन्याचा स्वतःचा ब्लँक हवा: तोच अर्क, तेवढाच वेळ, पण फेनिलअॅलॅनिनशिवाय.

उकळलेल्या अर्काचाही ब्लँक ठेवा. उकळल्यावर लगेच गार करून वापरा. काही पेरॉक्सिडेज ठेवून दिल्यावर थोडी पुन्हा जागी होतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते भुताटकीसारखंच वाटतं.

## ६. हिशोब: कशाने भागायचं

हा टप्पा दिसतो छोटा, पण निम्मे चुकीचे निष्कर्ष इथे जन्मतात.

समजा पेरॉक्सिडेजचा वेग मिनिटाला ०.२६६ आला. ग्वायाकॉलपासून बनणाऱ्या रंगीत टेट्राग्वायाकॉलचा शोषणांक २६.६ प्रति मिलिमोलर. म्हणजे मिनिटाला ०.०१ मिलिमोलर, ३ मिली क्युव्हेटमध्ये ०.०३ मायक्रोमोल. हे ०.१ मिली अर्कातून आलं, म्हणून दर मिली अर्काला ०.३. एक ग्रॅम पान ५ मिलीत वाटलं होतं, म्हणून दर ग्रॅम ताज्या पानाला मिनिटाला १.५ मायक्रोमोल.

आता समजा निरोगी आणि रोगट दोन्ही पानांना अगदी हेच १.५ आलं. फरक शून्य. पण निरोगी अर्कात प्रथिन ४ मिलिग्रॅम प्रति मिली आणि रोगट अर्कात २.५. प्रथिनाने भागलं की निरोगीत ०.०७५ आणि रोगटात ०.१२. एन्झाइम तसूभर हललं नाही, तरी ‘६० टक्के वाढ’ तयार. पिवळ्या पानातली हरितलवकं मोडतात, त्यांच्याबरोबर रुबिस्कोसारखं भरघोस प्रथिन जातं, आणि भागाकाराचा तळच खचतो.

म्हणून दोन्ही आकडे द्या: दर ग्रॅम ताज्या वजनाला आणि दर मिलिग्रॅम प्रथिनाला. रोगट पानात पाण्याचं प्रमाण बदललेलं असतं, त्यामुळे कोरडं वजनही एकदा काढून ठेवा. दोन्हीकडे एकाच दिशेने बदल असेल तरच ‘वाढ’ म्हणा.

प्रथिन ब्रॅडफर्ड पद्धतीने, ५९५ नॅनोमीटरला मोजा. लॉरी पद्धत फिनॉलमुळे फसते. अर्काच्या बफरमध्ये ट्रायटनसारखं डिटर्जंट घातलं असेल तर ब्रॅडफर्डही फसते.

आणि एका झाडाच्या एका अर्काची तीन क्युव्हेटमधली रीडिंग म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत. ती फक्त तुमच्या पिपेटची परीक्षा. पुनरावृत्ती म्हणजे वेगळं झाड. सांख्यिकीत टाकताना तीन क्युव्हेटची सरासरी काढून दर झाडाला एकच आकडा द्या.

## ७. निष्कर्ष: कोणता नमुना दिसला तर काय लिहायचं

दोन्ही वाणांत लक्षणांनंतर वाढ. हा आजाराचा परिणाम. प्रतिकाराबद्दल काही लिहू नका.

प्रतिकारक वाणात पहिल्या-तिसऱ्या दिवशी झपाट्याने वाढ, बळी पडणाऱ्यात उशिरा किंवा नाही, आणि विषाणूविरहित माशीच्या गटात ती वाढ नाही. यावर बोलता येतं. पीएएलपासून फिनॉल आणि लिग्निनची वाट सुरू होते, पेरॉक्सिडेज पेशीभित्तिकेत लिग्निन घट्ट करतं, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज क्विनोन बनवतं. हा धागा मांडता येतो. तरी शब्द ‘संबंध दिसतो’ असाच वापरा.

प्रतिकारक वाणात लागणीआधीपासूनच जास्त सक्रियता, लागणीनंतर बदल नाही. हा वाणाचा मूळ स्वभाव. प्रतिकाराशी त्याचा संबंध असेल किंवा दोन वाणांमधल्या हजार फरकांपैकी तो एक असेल. दोन वाणांवरून याचा निवाडा होत नाही. दोघांचा संकर करून दुसऱ्या पिढीत, म्हणजे एफ-२ मध्ये, प्रतिकारक झाडं आणि जास्त एन्झाइमवाली झाडं तीच निघतात का, हे बघावं लागतं. एमएस्सीच्या मुदतीत ते बसत नाही. पीएचडीत बसतं.

एकूण सक्रियता सारखीच. थांबा. पेरॉक्सिडेज म्हणजे अनेक आयसोझाइमांचं, एकच काम करणाऱ्या थोड्या वेगवेगळ्या रूपांचं, कुटुंब. एक वाढून दुसरं घटलं तर बेरीज जिथल्या तिथे राहते. नेटिव्ह जेलवर, म्हणजे प्रथिनं न उलगडता वेगळी करणाऱ्या जेलवर, चालवून ग्वायाकॉल आणि पेरॉक्साइडने रंगवा, नवी पट्टी दिसते का बघा. या जेलच्या नमुन्यात एसडीएस (प्रथिन उलगडणारं डिटर्जंट) किंवा मर्कॅप्टोइथेनॉल घालायचं नाही, नमुना उकळायचाही नाही. सवयीने हात तिकडे जातो आणि जेल कोरं येतं.

तक्त्याखाली पानाचा क्रमांक, तोडण्याची वेळ, लागणीनंतरचे दिवस, तापमान, भागाकाराचा आधार आणि झाडांची संख्या लिहा. आणि उणे ८० मधली उरलेली पानं तोंडी परीक्षा होईपर्यंत फेकू नका. परीक्षक हमखास आणखी एका एन्झाइमाबद्दल विचारतात, ‘कॅटेलेज का नाही केलं?’ पान शिल्लक असेल तर दोन दिवसांत करून देता येतं.